'फ्लस्टर्ड' आणि तारांबळ

इंग्रजी उताऱ्यात 'फ्लस्टर्ड' हा शब्द आला, की आपले विद्यार्थी 'गोंधळलेला' असे लिहून मोकळे होतात, आणि परीक्षकही त्यास गुण देतात. वास्तविक गोंधळणे हे बुद्धीचे. फ्लस्टर्ड होणे हे हातापायांचे व चेहऱ्याचे. काय करावयाचे ते ज्याला पक्के ठाऊक आहे, परंतु वेळ थोडा व पाहणारे पुष्कळ म्हणून ज्याच्या हातून ते धड होत नाही, तो फ्लस्टर्ड. मराठीत अशा माणसाची तारांबळ उडते.

या दोन शब्दांची कुळे अगदी निराळी. इंग्रजी शब्दाचा पूर्वी मद्यपानाशी संबंध होता. शेक्सपिअरच्या १६०४ च्या सुमाराच्या 'ऑथेल्लो' नाटकात इयागो सायप्रसच्या काही तरुणांना मद्य पाजून उत्तेजित करतो, त्यासाठी हेच क्रियापद योजलेले आहे. पुढे मद्य ओसरले. जिवाची उलघाल तेवढी अर्थात उरली.

तारांबळ आली ती लग्नमंडपातून. जन्मनक्षत्रापासून इष्ट दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजीत जाऊन नऊ तारांपैकी कोणती येते ते पाहावयाचे. तिसरी, पाचवी व सातवी अशुभ. अनुकूल तारेचे जे पाठबळ ते ताराबल. मंगलाष्टकांच्या अखेरीस जो संस्कृत श्लोक म्हणतात, त्यात ताराबल व चंद्रबल हे शब्द येतात. पूर्वी पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र बुडाले म्हणजे २४ मिनिटांची एक घटका भरे. ते बुडण्याच्या बेतात आहे, पुरोहिताचा स्वर चढला आहे, अक्षता अद्याप निम्म्या मंडळींच्या हाती पडलेल्या नाहीत, वाजंत्रीवाले खुणेची वाट पाहत आहेत, आणि तेवढ्यात ते शब्द कानी पडतात! त्या क्षणीच्या धावपळीला ते नाव चिकटले, अशी व्युत्पत्ती सांगतात. मला ती पटते. मौज अशी, की श्लोकाचा आशय नेमका उलट आहे. लक्ष्मीपतीच्या चरणांचे स्मरण हेच सुलग्न व हेच ताराबल, असे तो सांगतो. निश्चिंत करावयास रचलेल्या शब्दांनी मराठीला घाईगर्दीचे नाव पुरविले.

'गोंधळ' शब्दाचेही लग्नाशी नाते आहे. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात वडीगोद्री आहे. त्या मुलखात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, लग्नकार्य पार पडल्यावर कुलदेवीचा गोंधळ घालण्याची चाल अनेक घराण्यांत आहे. रात्रभर संबळ, तुणतुणे आणि पेटती दिवटी. त्या कल्लोळावरून मनाच्या अव्यवस्थेस तोच शब्द लागला असावा. म्हणजे मुहूर्तापूर्वीची ती तारांबळ, आणि कार्यानंतरचा तो गोंधळ! १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या या मुलखात उर्दूचा सहवासही दाट होता. उर्दूतला 'हैरान' मनुष्य चकित झालेला असतो; मराठीतला 'हैराण' मनुष्य त्रासून गेलेला असतो. मुळावरून अर्थ ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ बाळगावे.

भाषांतरकाराची खरी अडचण व्याकरणाची आहे. इंग्रज स्वतः फ्लस्टर्ड 'असतो'. मराठी माणसाची तारांबळ 'उडते', जशी धांदल, त्रेधा, गाळण किंवा घाबरगुंडी उडते. वाक्याचा कर्ता तो नव्हेच. कर्ता ती तारांबळ, आणि हा बिचारा षष्ठीत. म्हणून इंग्रजी विशेषणास मराठी विशेषण शोधीत बसण्यापेक्षा वाक्यच फिरवून घ्यावे. 'ती फ्लस्टर्ड झाली होती' याचे मराठी 'ती गोंधळलेली होती' असे न करता 'तिची तारांबळ उडाली' असे करावे.