अलिबागच्या बाजारात एक नगरकर

आमच्या जिल्ह्यात पाणी म्हणजे मुळा, प्रवरा आणि भंडारदऱ्याचं धरण. समुद्र बघायचा तर घाट उतरावा लागतो. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघं अलिबागला गेलो. मुलांना किल्ला बघायचा होता, बायकोला सोडे घ्यायचे होते आणि मला काहीच करायचं नव्हतं. वर्षभर पाचवी ते दहावी उर्दू आणि मराठी शिकवल्यावर माणसाला तेवढा हक्क असावा.

किल्ला झाला. ओहोटी होती, पाण्यातून चालतच गेलो. पण खरा रमलो तो संध्याकाळी बाजारात. एसटी स्टँडकडून समुद्राकडे निघालं की पेठ सुरू होते आणि किनाऱ्यापर्यंत माणूस काही ना काही बघत जातो. कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, तांदळाचे पापड, कडवे वाल, टोपल्यांत करवंदं, ताडगोळ्यांचे ढीग. मध्येच सोनाराचं दुकान, शेजारी प्लास्टिकच्या बादल्या, पोहण्याच्या चड्ड्या, फुगवलेल्या रबरी ट्यूब. मुंबईची मंडळी अर्ध्या चड्डीत दुधाची पिशवी आणायला निघाल्यासारखी फिरत होती. आणि दर दहा पावलांवर पांढऱ्या कांद्याच्या माळा. अलिबागचा पांढरा कांदा पातीसकट वेणीसारखा विणतात. आमच्याकडे कांदा गोणीत असतो आणि बातम्यांत असतो, त्याची कुणी वेणी घालत नाही.

मला राहून राहून आमचा कापडबाजार आठवत होता. तिथंही रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आणि दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. मोची गल्लीतून शिरा नाहीतर घास गल्लीतून, गर्दी तुम्हाला उचलून पुढं नेते. फरक एवढाच की अलिबागच्या गर्दीच्या टोकाला समुद्र आहे.

सुकी मासळी विकणाऱ्या एका मावशींसमोर बायको बसली. सोड्यांचा भाव, बोंबलांचा भाव, घासाघीस. मावशींनी विचारलं, "कुठून आलात?"

"नगरहून," मी म्हणालो.

"कुठलं नगर? ते नाव बदललं तेच ना?"

"तेच."

मावशी हसल्या. "आमचं पण बदलायला निघालेत. बदलू दे, मासळी तीच राहणारे."

मुलगी आठवीत आहे. तिनं लगेच विचारलं, "अब्बा, अलिबागचं नाव कशाला बदलायचं?" मी म्हटलं, चल, चालता चालता सांगतो.

अलिबाग म्हणजे अलीची बाग, एवढं कुणालाही कळतं. हा अली कोण, यावर मात्र दोन जबाब आहेत. १८८३च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये म्हटलंय की दोनेकशे वर्षांपूर्वी इथं अली नावाचा एक श्रीमंत मुसलमान राहायचा, त्यानं विहिरी खोदल्या, बागा लावल्या. बेने इस्राएल लोक सांगतात की अली आमचा, तो यहुदी होता. दोन्हीकडं पुरावा म्हणजे ऐकीव गोष्टच. मी इतिहासाचा नाही, भाषेचा शिक्षक आहे, त्यामुळे मला दोन्ही गोष्टी ठेवायला अडचण वाटत नाही. हे नाव दोन्ही घरांत शोभतं. विहीर खोदणाऱ्याचा धर्म लोक विसरले आणि नाव तेवढं ठेवलं, असंही झालं असेल.

बाजारापासून जवळच इस्राएल आळी आहे. तिथं 'मागेन आबोथ' हे सिनेगॉग आहे, मूळ १८४८चं, आताची इमारत १९१०ची. कोकणातल्या या यहुदींना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांची आडनावं गावांवरून पडलेली: केहीमकर, नवगावकर, दिवेकर. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्राएलला गेली. तिथंही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. सध्या इस्राएल हा शब्द उच्चारला की आपल्या मोहल्ल्यात काय आठवतं ते मला ठाऊक आहे, माझ्याही मनात तेच येतं. पण ही आळी त्या राज्याच्या कितीतरी आधीची आहे आणि तिची भाषा मराठी आहे. हे दोन वेगळे विषय आहेत, वर्गातही मी ते वेगळेच ठेवतो.

एक गोष्ट मात्र मुलीला फार आवडली. बेने इस्राएल नवस फेडताना, शुभकार्याच्या आधी एलियाहू हानाबीच्या नावानं एक ताट करतात. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. त्याला ते 'मलिदा' म्हणतात. आपल्याकडं फातेह्याला चपाती कुस्करून तुपागुळाचा करतात तोही मलिदाच. एलियाहू म्हणजे आपले हजरत इलियास अलैहिस्सलाम. "म्हणजे सेम?" मुलगी म्हणाली. म्हटलं, सेम नाही, पण एका दुकानातून गूळ आणलेला असणार.

नगरच्या माणसाला अलिबाग परकं वाटायचं कारण नाही, कारण नगरचा समुद्र इथूनच पंधरा-सतरा किलोमीटरवर होता. चौल. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून तिथं गेलो. आज नारळी-पोफळीच्या बागांमधून जाणारा शांत रस्ता आहे. पण हिजरी ३०४मध्ये, म्हणजे इ.स. ९१६च्या सुमारास, अल-मसऊदी इथं आला तेव्हा त्यानं लिहून ठेवलं की या सैमूर बंदरात दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे, आणि इथंच जन्मलेलेही. त्यांचे तंटे सोडवायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला होता. राज्य राष्ट्रकूटांचं, इथला कारभार शिलाहार झंझ राजाचा. मुसलमान महाराष्ट्रात तलवार घेऊनच आले, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे पान वाचावं. इथं ते तराजू घेऊन आले होते, तेही दिल्लीत सुलतान बसायच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी.

१४६९च्या सुमारास रशियाचा अफनासी निकितीन एक घोडा घेऊन याच चौलला उतरला. पाली, जुन्नर असा घाट चढत गेला, तीन आठवड्यांहून जास्त दिवस लागले. जुन्नरच्या खानानं त्याचा घोडा हिसकावून घेतला आणि मुसलमान झालास तर परत देतो म्हणाला. तो सोडवला कुणी, तर एका खुरासानी मुसलमानानं, मध्यस्थी करून. खानही आपला आणि खुरासानीही आपला. इतिहास सांगताना दोघांनाही सांगावं लागतं.

त्याच जुन्नरहून मलिक अहमद पुढं आला, १४९०मध्ये स्वतंत्र झाला आणि १४९४मध्ये त्यानं आमचं शहर वसवलं. फरिश्ता सांगतो की त्याचा बाप मूळचा ब्राह्मण घरातला. शहर घाटावर, बंदर चौलला. १५२१मध्ये बुऱ्हाण निजामशहानं पोर्तुगीजांना रेवदंड्याला किल्ला बांधू दिला, बदल्यात त्याला समुद्रमार्गे येणारे घोडे हवे होते. पुढं हे महागात पडलं. १५७०-७१मध्ये मुर्तझा निजामशहानं तो किल्ला घेण्यासाठी कित्येक महिने वेढा दिला, हात हलवत परतला. तरी १५८३मध्ये राल्फ फिच हा इंग्रज आला तेव्हा दोन चौल शेजारी शेजारी नांदत होती, एक पोर्तुगीजांचं, एक निजामशहाचं. मसाले, रेशीम, चंदन, हस्तिदंत, चिनी मातीची भांडी, सगळ्याचा व्यापार चालू होता. जगातलं सगळ्यात फायद्याचं झाड नारळाचं, असंही तो लिहून गेला. ते आजही खरं आहे, शहाळ्याचा भाव विचारून बघा.

त्या बाजारातलं आता काय उरलंय? हमामखान्याची पडकी इमारत. आत वाळलेली पानं, भिंतीवर प्रेमी जोडप्यांची नावं. नगरचा किल्ला १६००मध्ये मोगलांकडं गेला, १६३६ला निजामशाही संपली, सुरत आणि मग मुंबई वर आली. चौलचं नाव कुणी बदललं नाही. बाजार मात्र उठून गेला आणि अलिबाग आंग्र्यांच्या छायेत वाढलं.

तर आता मुलीचा प्रश्न. २०२४मध्ये अलिबागचं नाव 'मायनाकनगरी' करावं अशी मागणी झाली. मायनाक भंडारी शिवाजी महाराजांच्या आरमारातले. १६७९मध्ये समोरच्या खांदेरी बेटावर त्यांनी इंग्रजांच्या तोफांपुढं किल्ला उभा केला. मोठाच माणूस, त्यांचं स्मारक व्हायलाच हवं. पण त्या लढाईत त्यांच्या मदतीला आरमार घेऊन आलेला सरदार होता दौलतखान. मायनाकांची आठवण नीट काढली तर दौलतखानाची निघतेच. मग त्यासाठी विहिरी खोदणाऱ्या अलीला का हटवायचं, हे मला कळत नाही.

नाव बदलणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. याच जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं. १९८१मध्ये ते रायगड झालं, तेव्हा मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले, याच जिल्ह्यातले कोकणी मुसलमान. त्यांना महाराजांच्या राजधानीचं नाव द्यावंसं वाटलं, यात मला अभिमान आहे. अहिल्यादेवी आमच्याच जिल्ह्यातल्या चोंडीच्या. त्यांनी बांधलेल्या घाटांबद्दल आणि बारवांबद्दल मी दरवर्षी वर्गात बोलतो. त्यांच्या नावाला माझा विरोध नाही, कधीच नव्हता. दुखतं ते एवढंच की त्यांना मान देताना 'अहमद' पुसला याचा आनंद काहींनी जास्त मोठ्यानं साजरा केला. त्या दिवशी शाळेत एका पोरानं मला विचारलं होतं, "सर, आपलं नाव काढलं का?" 'आपलं' म्हणाला तो. मी फळ्याकडं वळून शुद्धलेखन सुरू केलं. उत्तर दिलं नाही, याची अजून लाज वाटते.

अलिबागच्या बाजारात मी तेच उत्तर मुलीला द्यायचा प्रयत्न केला, पण ती तोवर शंखांच्या दुकानात शिरली होती.

निघताना कांद्याच्या दोन माळा घेतल्या, एक आम्हाला, एक शेजारच्या कुलकर्णी काकूंना. पुण्याला वाकडेवाडीच्या स्टँडवर गाडी बदलली. एसटीच्या पाटीवर नवं नाव स्वच्छ अक्षरांत लिहिलेलं होतं. दारात उभा कंडक्टर मात्र पूर्वीसारखाच ओरडत होता, "नगर, नगर, नगर!" आम्ही माळा सांभाळत चढलो.