मळीविना मद्यार्क

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणीच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर होते, मागे उरलेली मळी डिस्टिलरीत जाते आणि यीस्ट तिचा मद्यार्क करतं. आधी गोड रस, मग आंबवण. हजारो वर्षं मद्यार्काची वाट ही एवढीच होती.

दुसरी वाट उघडली लंडनच्या हेन्री हेनेलने. मायकेल फॅरेडेने त्याला सल्फ्युरिक आम्ल दिलं होतं, आणि त्या आम्लाने आपल्या आकारमानाच्या ऐंशी पट इथीन वायू पिऊन टाकला होता. मद्यार्कात संहत आम्ल घातल्यावर जे संयुग तयार होतं, नेमकं तेच हेनेलला 1826 मध्ये या आम्लात सापडलं. दोन वर्षांनी त्याने त्यातून मद्यार्क मोकळा केला. ना ऊस, ना द्राक्षं!

यातली करामत इथीनच्या दुहेरी बंधाची. बंधातले इलेक्ट्रॉन आम्लाचा प्रोटॉन ओढून घेतात. तो एका कार्बनवर बसला की दुसरा धनभारित होतो आणि सल्फेट त्याला येऊन चिकटतं. पाणी घालून तापवलं की सल्फेट सुटतं आणि मद्यार्क उरतो. याच्या उलट, मद्यार्क भरपूर संहत आम्लात 170 अंश सेल्सिअसला तापवला की इथीनचे बुडबुडे येऊ लागतात. इथीनच्याच जातकुळीतल्या प्रोपीनमध्ये मात्र दुहेरी बंधाचे दोन्ही कार्बन सारखे नसतात. तिथे प्रोटॉन जास्त हायड्रोजनवाल्या कार्बनकडे जातो, हा मार्कोव्हनिकोव्हचा नियम. म्हणूनच प्रोपीनपासून आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, आपल्या सॅनिटायझरमधलं.

इथीनपासून मद्यार्क करण्यासाठी नाव मात्र फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलोचं झालं. 1855 मध्ये त्याने तीस लिटर वायू आम्लासोबत 53,000 वेळा हलवून जिरवला. चिकाटी मोठीच, पण पहिला मान हेनेलचा, असं मी ठामपणे म्हणेन. तो दाद मागायलाही उरला नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी पाऱ्याचं फल्मिनेट बनवताना झालेल्या स्फोटात 1842 मध्ये तो गेला.

अमेरिकेत तेला-वायूपासून इथीन स्वस्त मिळू लागलं, तेव्हा 1930 मध्ये युनियन कार्बाइडने हेनेलचीच वाट धरून कारखान्यात मद्यार्क काढला. आपल्याकडे हाताशी मळी होती, म्हणून वाट उलटी चालली : उत्तराखंडातल्या काशीपूरला इंडिया ग्लायकॉल्सने मळीच्या मद्यार्कातलं पाणी काढून इथीन केलं आणि त्याचं ग्लायकॉल पॉलिस्टरच्या धाग्यासाठी पुरवलं.