उडीची जमीन

शिमग्याला आठवडा होता. रोह्याकडचा माझा भाचा सकाळच्या गाडीने पेणला आला आणि थेट माझ्या झेरॉक्सच्या दुकानात शिरला. वय चोवीस, बी.कॉम. झालेला, कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंगचा गाइड आहे. खिशातून एक रंगीत पत्रक काढून त्याने काउंटरवर ठेवले. स्कायडायव्हिंगचे, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारण्याचे, परदेशात प्रशिक्षण, सहा महिन्यांत ‘इन्स्ट्रक्टर’, नोकरीची हमी. खाली फीचा आकडा होता. तो भरायचा तर त्याच्या वडिलांना रस्त्यालगतची भातजमीन विकावी लागणार होती. गिऱ्हाईक येऊन जमीन पाहूनही गेले होते.

“मामा, तुम्ही एवढं जुनं-पानं वाचता. हे खरं आहे का तेवढं सांगा. उडी शिकायची कुठे आणि काम मिळतं कुठे?”

मी कॉलेज अर्धवट सोडलेला माणूस. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा इतिहास हा माझा छंद, तोही दुकान सांभाळून. पॅराशूटबद्दल मला मराठा पलटणीपलीकडे काही ठाऊक नव्हते. पण प्रश्न बहिणीच्या घरच्या जमिनीचा होता. “पंधरा दिवस दे, तोवर सही करू नका,” एवढे सांगून मी त्याला परत पाठवले. त्या पंधरा दिवसांत सुरू झालेले वाचन पुढे सहा महिने चालले. त्यातून मला जे उमगले ते असे, की उडीचा इतिहास आकाशाकडे बघून कळत नाही. उडणारा खाली कुठे उतरला आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे पाहावे लागते.

तमाशगिरांची उडी

22 ऑक्टोबर 1797 रोजी आंद्रे-जाक गार्नेरें या फ्रेंच माणसाने पॅरिसच्या मोंसो बागेत फुग्यातून वर जाऊन कापडी छत्रीने उडी घेतली. पुढे शंभरेक वर्षे ही उडी म्हणजे तिकीट लावून दाखवायचा खेळ होता. खेळ दाखवणाऱ्याला एका गावात फार दिवस पोट भरता येत नाही, म्हणून ही मंडळी देशोदेशी हिंडत. 1889 मध्ये इंग्लंडचा पर्सिव्हल स्पेन्सर कलकत्त्यात आला. त्याचे पाहून रामचंद्र चटर्जी हा बंगाली कसरतपटू फुग्यातून वर गेला आणि 1890 मध्ये त्याने पॅराशूटने उडीही मारली. हिंदी माणसाने मारलेली ही पहिली उडी मानतात. म्हणजे या खेळात पोटासाठी परमुलखात जाण्याची रीत आजची नाही.

त्याच काळातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. 1892 च्या मार्चमध्ये जॅनेट व्हॅन टॅसल ही अमेरिकन बाई ढाक्याच्या नवाबाच्या बोलावण्यावरून तिथे खेळ करायला आली. वर गेली, उडी घेतली आणि वाऱ्याने वाहत जाऊन झाडात अडकली. तिला उतरवण्यासाठी बांबू जोडून लावले गेले. उतरताना ती खाली पडली आणि दोन-तीन दिवसांत वारली. आकाशाने तिला सुखरूप खाली आणले होते. कमी पडले ते खालचे मोकळे मैदान, आणि उतरवणारी जाणती माणसे.

पळसगावची पलटण

आता आपल्या अंगणात येऊ. रोह्याला लागून माणगाव तालुका. तिथल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीत मोंतोने गावी 2023 मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले. पुतळ्यापुढून आपण शेकडो वेळा जातो, पण त्यांच्या पलटणीचे पुढे काय झाले हे सहसा कोणी विचारत नाही. ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. महायुद्धानंतर तिला छत्रीधारी करण्यात आले आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा ती ‘2 पॅरा (मराठा)’ झाली. ज्यांच्या वाडवडिलांनी बैलगाडीपेक्षा उंच वाहन पाहिले नव्हते, अशा घरांतली मुले आग्र्याच्या प्रशिक्षण केंद्रात विमानाच्या दारातून उड्या मारू लागली.

11 डिसेंबर 1971 रोजी दुपार कलताना हीच पलटण टांगाइलजवळ पुंगली पुलाच्या परिसरात उतरली. मयमनसिंगकडून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायची होती. पाचच दिवसांनी, 16 डिसेंबरला, ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय सैनिकांत ही पलटण होती.

मला इथे शौर्यापेक्षा जागेची निवड महत्त्वाची वाटते. उडीच्या आधी कॅप्टन पी. के. घोष सीमा ओलांडून आत गेले, टांगाइल भागावर पकड असलेल्या कादर सिद्दीकींच्या मुक्तिवाहिनीला भेटले आणि उतरण्याची शेते त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पूल जवळ हवा, शत्रू फार जवळ नको, पाण्याच्या जागा माहीत हव्यात आणि गाव आपल्या बाजूचे हवे. एवढे करूनही काही सामान तळ्यांत पडले. ते बाहेर काढायला गावकरी धावले. ढाक्याच्या त्याच मुलखात एकोणऐंशी वर्षांपूर्वी एका बाईला नीट उतरवता आले नव्हते, आणि इथे पलटणच्या पलटण उतरली. फरक खालच्या तयारीचा होता. सैनिकाला विमान, छत्री, मैदान आणि पगार सरकार देते. उडी त्याच्या नोकरीचा भाग असते.

नऊवारी आणि पटाया

ज्याच्या पाठीशी पलटण नाही त्याचे काय? आपल्याकडे बिगरलष्करी उडीही बराच काळ लष्कराच्या आसऱ्याने चालली. रेल्वेत नोकरी करणाऱ्या रेचल थॉमस 1979 पासून उड्या मारू लागल्या. मराठी वाचकांना जवळचे नाव पुण्याच्या शीतल महाजन यांचे. 2004 च्या एप्रिलमध्ये त्यांनी सरावाची एकही उडी न मारता उत्तर ध्रुवावर 2400 फुटांवरून उडी घेतली. तापमान उणे 37 अंश. 2006 च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुव. 2011 मध्ये पद्मश्री. 2018 मध्ये त्यांनी नऊवारी नेसून उडी मारली, त्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली. 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून उडी मारली.

या जागा एकदा नकाशावर मांडून पाहा. नऊवारी आपली; पण ती उडी झाली थायलंडमध्ये, पटायाला. कारण उडी मारायला रोज उडणारे विमान, त्याला रिकामी धावपट्टी, हवाई वाहतुकीची परवानगी, घडी घालणारे आणि दुरुस्ती करणारे कारागीर आणि पैसे देणारे पुरेसे गिऱ्हाईक लागते. यातली एक गोष्ट नसली तरी बाकीच्या पडून राहतात. आपल्याकडे लोणावळ्यापलीकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर काही काळ उड्या झाल्या. मध्य प्रदेशात सागरजवळ धाना इथे शिबिरे झाली. अलीकडे हरियाणात नारनौलजवळच्या बाछोद धावपट्टीवरून उड्या होतात. पेण-रोह्यात तर पश्चिमेला खाडी, खारफुटी आणि मिठागरे, पूर्वेला सह्याद्री, चार महिने पाऊस, आणि वर मुंबई-नवी मुंबईच्या विमानांची वर्दळ. आपल्या आकाशाखाली उतरायलाच जागा नाही.

रोजगार कुठून आला

परदेशात हा धंदा फोफावला तो 1980 नंतर. 1984 च्या सुमारास अमेरिकेत बिल बूथ आणि टेड स्ट्राँग या दोघांनी आपापल्या रीतीने टँडेम, म्हणजे जोडउडीचे पॅराशूट पुढे आणले. पाहुण्याला शिक्षकाच्या छातीला पट्ट्यांनी बांधायचे आणि दोघांनी एकाच मोठ्या छत्रीने उतरायचे. अर्ध्या तासाच्या सूचनांवर कोणताही पर्यटक उडी मारू शकू लागला. तेव्हापासून उडी मारणाऱ्याला तमाशा दाखवायची गरज उरली नाही; गिऱ्हाईकच त्याच्या अंगाला बांधून येऊ लागले.

इथेच मला भाच्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळाले. शिकायची जागा आणि कमवायची जागा एक नसते. शिकायला कोरडी हवा आणि दिवसभर उडणारी विमाने हवीत, म्हणजे कमी दिवसांत जास्त उड्या होतात: कॅलिफोर्नियातले पेरिस, ॲरिझोनाच्या वाळवंटातले इलॉय, फ्लोरिडातले डीलँड, स्पेनमधले एम्पुरियाब्रावा. जोडउडीचे काम मात्र पर्यटक जिथे लोटतात तिथे: न्यूझीलंडचे क्वीन्सटाउन आणि टाउपो, ऑस्ट्रेलियाचे मिशन बीच, दुबईचे पाम जुमैरा. युरोपात हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. तो संपतो तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा सुरू होतो. म्हणून पुष्कळ शिक्षक वर्षात दोन उन्हाळे गाठत फिरतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी आपल्याकडची कुटुंबे मला आठवली; हंगामामागे चालण्याचा नियम तोच, मिळकत तेवढी वेगळी.

दुसरे उत्तर परवान्यांच्या नियमांत होते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेचा पहिला, ‘ए’ परवाना 25 उड्यांनी मिळतो. ‘बी’ला 50, ‘सी’ला 200 आणि ‘डी’ला 500 उड्या लागतात. डोक्याला कॅमेरा लावून दुसऱ्याचे चित्रीकरण करायचे तर 200 उड्यांचा अनुभव असावा, असे ती संघटना सांगते. जोडउडीचा शिक्षक व्हायला किमान 500 उड्या आणि या खेळात तीन वर्षे हवीत. प्रत्येक देशाचे नियम थोडे वेगळे, पण पत्रकातले ‘सहा महिन्यांत इन्स्ट्रक्टर’ यात कुठेच बसत नव्हते. मी पत्रकावरच्या नंबरवर फोन करून विचारले, “परवाना कोणत्या संघटनेचा आणि फीमध्ये उड्या किती?” पलीकडच्याने “ऑफिसला या” म्हणून फोन ठेवला.

तिसरे उत्तर व्हिसाचे. पर्यटक म्हणून जाऊन शिकता येते, पण पैसे घेऊन साधी छत्रीची घडी घालणेही बेकायदा ठरते. ऑस्ट्रेलियाने 2024 पासून 18 ते 30 वयाच्या भारतीयांना काम करत राहण्याचा व्हिसा सोडतीने द्यायला सुरुवात केली. वर्षाला 1000 जागा. ब्रिटनची पदवीधरांसाठीची सोडत 3000 जागांची. लाखांच्या देशाला एवढेच दार उघडे आहे. त्यातून आत गेलेला मुलगाही पहिल्या दिवशी कोणाला बांधून उडी मारत नाही. तो जमिनीवर राहतो: गिऱ्हाइकांची नोंद करतो, पट्टे चढवून देतो, उतरलेल्या छत्र्या गोळा करतो, शिकला की नगावर घडी घालतो. हाताला येणाऱ्या पैशातून स्वतःच्या उड्या वाढवतो. या धंद्यात वर जायची वाट अशी खालून आहे.

सकाळी सुटणारे पाणी

पंधरा दिवसांनी मी दुपारच्या गाडीने रोह्याला गेलो. ओटीवर भावोजी, बहीण आणि भाचा बसले होते. मी कागद वाचून दाखवला. भावोजींनी विचारले, “म्हणजे नाहीच म्हणायचं का पोराला?”

मी त्यांना कुंडलिकेचे सांगितले. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजघरात येते, 1927 पासून. वीज करून ते कुंडलिकेत सुटते. ते सकाळी ठरल्या वेळी येते म्हणून कोलाडला राफ्ट चालतात आणि पोरांना काम मिळते. त्या पाण्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. 1921 ला सेनापती बापट त्यांच्या बाजूने सत्याग्रहाला उभे राहिले, तरी जमीन वाचली नाही. आज आपला मुलगा ज्या लाटेवर पोट भरतो, तिच्याखाली कोणाची तरी शेते आहेत. जमीन देऊन रोजगार येतो हे खोटे नाही. पण देण्याआधी पाणी खरेच सुटणार आहे का, हे पाहायला हवे. या पत्रकात पाणी नव्हते.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पाचशे उड्या म्हणजे किती वर्षं, मामा?”

“तू घडी घालायला किती लवकर शिकतोस त्यावर आहे,” मी म्हणालो.

पत्रक चुलीत गेले. त्या पावसाळ्यात रस्त्यालगतच्या जमिनीत नेहमीसारखी लावणी झाली. भाच्याने राफ्टिंगच्या कमाईतून वेगळे पैसे ठेवायला सुरुवात केली आहे. थंडीत हरियाणाला जाऊन पहिली जोडउडी मारायची, भीती वाटते का ते पाहायचे, आणि मगच पुढचा विचार. ऑस्ट्रेलियाच्या सोडतीचा अर्ज त्याने माझ्याच दुकानात बसून भरला. पासपोर्टची प्रत काढताना मी पैसे घेतले नाहीत, तर म्हणाला, “घ्या मामा, धंदा आहे.”