पाड्याकडे निघालेली शाळा

मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढायला लागलं की माथ्याजवळ एक लेणं लागतं. त्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा तो मानला जातो आणि त्याचं वय साधारण दोन हजार वर्षं. कुठल्या यज्ञात गाई किती दिल्या, घोडे किती, कार्षापण नाणी किती, सगळं आकड्यांत मांडलेलं आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या आकड्यांत या आकड्यांची गणना होते. बाईने मांडलेला असा हिशेब ज्या तालुक्याच्या डोक्यावर कोरलेला आहे, तिथल्या म्हाताऱ्या बाया परवापरवापर्यंत बँकेत अंगठा उठवत होत्या.

मुरबाड आणि शेजारचं शहापूर हे ठाणे जिल्ह्याचे डोंगराळ तालुके. तानसा आणि भातसा या शहापूरच्या धरणांचं पाणी मुंबई पिते. ठाकर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशी इथली वस्ती. पाऊस संपला, भात झोडून झालं, दिवाळी सरली की पाड्यांवरची कुटुंबं, त्यातही कातकरी, वीटभट्टीवर निघतात. मालकाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको मिळून विटा पाडतात. पोरं बरोबरच असतात, कारण मागे त्यांना सांभाळणार कोण? पावसाळ्याच्या तोंडावर सगळे परततात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि एप्रिल-मेमध्ये संपतं, म्हणजे त्यातला मोठा तुकडा भट्टीवर जातो. पटावर नाव असूनही पोर गैरहजर का, याचं उत्तर कुणाच्या आळसात शोधायची गरज नाही. ते या उचलीत आहे.

हा गुंता पहिल्यांदा नीट वाचला तो एका शहरी बाईने. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर वेगळा होईपर्यंत डहाणू, शहापूर आणि मुरबाड एकाच ठाणे जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्याच्या समुद्राकडच्या टोकाला, डहाणूतल्या बोर्डीत, 1945 साली ताराबाई मोडक येऊन राहिल्या. वय त्रेपन्न. 1914 सालच्या पदवीधर, नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, पदरी मुलगी. राजकोटच्या बार्टन कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला, माँटेसरी पद्धतीने बालमंदिर चालवणाऱ्या गिजुभाई बधेकांकडे गेल्या होत्या, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला होता. 1936 साली त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार काढलं. बालमंदिर, शिक्षिकांचं प्रशिक्षण, ‘शिक्षणपत्रिका’ मासिक असा सगळा व्याप त्यांनी सांभाळला. धंदा हा शब्द त्यांना रुचला नसता, पण संस्था चालवायला लागणारी हिशेबी नजर त्यांच्याकडे पुरेपूर होती.

त्याच नजरेला एक गोष्ट खुपत होती. माँटेसरीची साधनं महाग. त्यांचा खर्च पेलायचा तर फी हवी, आणि फी म्हटली की मुलं मध्यमवर्गाचीच. बोर्डीत त्यांनी हे गणित उलटं मांडलं. बिया, शिंपले, खडे, पानं, बांबूचे तुकडे, गावच्या सुताराने केलेले ठोकळे यांवर बालवाडी चालू लागली. बोर्डीला त्यांच्याबरोबर आल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी, असा त्यांचा आधीचा प्रवास.

शाळा उघडली तरी वस्तीतली पोरं येईनात. तेव्हा या दोघी वस्तीत गेल्या. आधी मुलांना आंघोळ घालायची, मग कुणाच्या तरी अंगणात गाणी, गोष्टी, खेळ. अंगणवाडी ती हीच. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेलं, तेव्हा ताराबाई पासष्टीच्या होत्या. तिथे आणखी एक अडचण दिसली. मोठी मुलगी धाकट्या भावाला काखेत घेऊन घरी बसलेली आणि मुलगा गुरांमागे रानात. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. गुराख्यांसाठी चराईच्या जागीच वर्ग भरवला, ती कुरणशाळा. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या प्रयोगांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यांतलं अर्थशास्त्र मला जास्त मोलाचं वाटतं. गरीब घरातलं पोर कमावतं तरी असतं, नाहीतर कमावणाऱ्याचे हात मोकळे करत असतं. शाळेने त्या कामाची सोय लावली तरच पोर सुटतं.

सरकारने 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव दिलं. आज शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यावर ती आहे. पण पाडाच भट्टीवर गेल्यावर पाड्यावरच्या अंगणवाडीत कोण येणार?

तिथे कामी आली विद्युल्लता पंडित यांची खटपट. विधायक संसद या संस्थेतून त्या आणि विवेक पंडित ठाणे जिल्ह्यातल्या वेठबिगारांच्या सुटकेसाठी झगडत होते. वेठबिगार सुटला तरी त्याचं पोर निरक्षर राहिलं तर उद्या तेच उचल घेणार, हे दिसत होतं. वीटभट्टीवर मजूर गवताची तात्पुरती झोपडी उभारतात, तिला भोंगा म्हणतात. 1990च्या दशकात तशाच भोंग्यात, भट्टीच्या शेजारी, शाळा भरू लागली. तिचं नाव भोंगाशाळा. शिकवायला आसपासचेच तरुण-तरुणी. 2010 साली शिक्षणहक्क कायदा लागू झाल्यावर असल्या अनौपचारिक शाळांची जागा आक्रसली आणि हंगामी वसतिगृह, स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक असे सरकारी उपाय आले. कायदा योग्यच होता. फक्त भट्टीवरच्या पोराला नियमित शाळेपर्यंत आणायचं कसं, हे काम त्याने सोपं केलं नाही.

मुरबाडच्या फांगण्यात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा निघाली, तीही याच वळणाची. कल्पना जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची, पैसा मोतीराम दलाल ट्रस्टचा, शिकवायला मात्र गावातलीच सून. वर्गात तिची सासूही होती. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी लुगड्यांत, पाठीला दप्तर लावून दुपारी दोन ते चार बसतात. वेळ दुपारची, कारण सकाळ-संध्याकाळ घरची कामं सुटत नाहीत. वर्तमानपत्रांनी गुलाबी लुगड्यांचे फोटो भरपूर छापले. या वेळापत्रकाकडे त्यांनी जरा अधिक लक्ष द्यायला हवं होतं.

‘अंगणवाडी’ हे ताराबाईंचं नाव सरकारने उचललं, त्यांचा काटकसरीचा हिशेबही उचलला, आणि त्या काटकसरीचा भार टाकला शिकवणाऱ्या बाईवर. अंगणवाडी सेविका मुलांना शिकवते, जेवू घालते, वजनं घेते, नोंदी ठेवते, तरी तिला पगार नाही. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क असल्याचा निर्णय दिला. 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविका कित्येक आठवडे संपावर होत्या. सरकारदरबारी त्या आजही मानधनावरच आहेत.