कापिशायन आणि उपदंश
कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ ही संज्ञा आहे. हा शब्द सरसकट मध असा अनुवादिला की द्राक्षच नाहीसे होते. मेदक, प्रसन्ना, मैरेय यांच्या घटकद्रव्यांची प्रमाणे तोलूनमापून देणारा ग्रंथकार या मधूपाशी मात्र कृती सांगत नाही, चवही सांगत नाही. कापिशायन आणि हारहूरक ही दोन प्रदेशवाचक नामे देऊन थांबतो. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. तिच्यापासून ‘कापिशायन’ शब्द साधणारे सूत्र पाणिनीत आहेच. बाहेरून येणाऱ्या मालाची ओळख मुलखाच्या नावानेच पटत असावी. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’मध्येही भडोच बंदरी उतरणारी मद्ये इटालीय, लाओदिकियाची, अरबी अशी मुलखावरूनच सांगितली आहेत.

त्याच शतकातला प्लिनी फालेर्नियन मद्याचे उग्र, गोड व हलके असे तीन भेद करतो. तेथे चवीला स्वतंत्र शब्द मिळतात. वात्स्यायनाच्या कामसूत्रात हे शब्द मद्याला नव्हे, तर सोबतच्या खाद्याला लागतात. आपानकाच्या वर्णनात मधु, मैरेय, सुरा, आसव यांची नुसती नावे येतात. खारट, कडू, तिखट, आंबट ही विशेषणे उपदंशांची, म्हणजे तोंडी लावण्याच्या पदार्थांची. मराठीतील ‘चाखणा’ या उपदंशाच्याच वंशातला म्हणावा लागेल : चाखायचे मद्य, नाव मात्र खाद्याला. चरकसंहितेतील मद्यवर्गाची दृष्टी आणखी निराळी. तेथे पारख होते ती जिभेपेक्षा पचनाच्या अंगाने.