प्लॅटिनमच्या पृष्ठभागावरील आकृतिबंध : एक ऐतिहासिक मागोवा

रसायनशास्त्राच्या इतिहासात काही निरीक्षणे दीर्घकाळ प्रयोगातील दोष म्हणून बाजूला सारली गेली. सोव्हिएत शास्त्रज्ञ बोरिस बेलौसोव यांनी १९५१ साली आलटून-पालटून रंग बदलणाऱ्या द्रावणाची नोंद केली, तेव्हा असे घडणे अशक्य ठरवून त्यांचा लेख नाकारण्यात आला. धातूच्या पृष्ठभागावरील अभिक्रियांच्या बाबतीत अडथळा निराळा होता. तो एका यशस्वी गृहीतकाचा होता.

अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२२ मध्ये प्लॅटिनमवरील कार्बन मोनॉक्साइडच्या ऑक्सिडीकरणाचे विवेचन केले. त्यांच्या सिद्धान्तात पृष्ठभाग हा समान घरांच्या पटासारखा आहे. रेणू येतात-जातात, पट मात्र तसाच राहतो. या गृहीतकामुळे उत्प्रेरणाचे गणित सुकर झाले, हे मान्य करावेच लागते. परंतु १९७० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत याच अभिक्रियेचा वेग, बाह्य परिस्थिती स्थिर असतानाही, लयबद्धपणे कमी-जास्त होताना आढळला. स्थिर पटाच्या कल्पनेत त्याचे स्पष्टीकरण सापडणे कठीण होते.

गेरहार्ड एर्टल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अशी आंदोलने प्लॅटिनमच्या एकस्फटिकावर, अत्यल्प दाबाखाली नोंदविली. इतक्या कमी दाबात अभिक्रियेच्या उष्णतेचा परिणाम नगण्य असतो. साहजिकच कारण पृष्ठभागातच शोधणे भाग पडले. स्वच्छ प्लॅटिनमच्या काही प्रतलांवर वरच्या थरातील अणू आपली मूळ मांडणी सोडून वेगळी मांडणी धारण करतात. कार्बन मोनॉक्साइड पुरेसा साचला की ते मूळ मांडणीत परततात. त्या मांडणीवर ऑक्सिजन अधिक सहजतेने चिकटतो, कार्बन मोनॉक्साइडचा साठा संपवितो आणि अणू पुन्हा वेगळी मांडणी घेतात. थोडक्यात, पट स्वतःच खेळात सामील होता.

तथापि हे सारे सरासरी वेगाचे मापन होते. बर्लिन येथील फ्रिट्झ हाबर संस्थेत १९९० मध्ये रोटरमुंड, एर्टल प्रभृतींनी प्रकाश-इलेक्ट्रॉन उत्सर्जन सूक्ष्मदर्शकाने ही अभिक्रिया प्रत्यक्ष पाहिली. अतिनील प्रकाशात ऑक्सिजनने व्यापलेल्या भागातून कमी इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, म्हणून तो काळा दिसतो. कार्बन मोनॉक्साइडचा भाग करडा. पडद्यावर फिरती सर्पिले, पसरती वलये, स्थायी तरंग आणि निव्वळ गोंधळही उमटला. अणूंच्या तुलनेत या आकृती प्रचंड, कित्येक मायक्रोमीटर रुंदीच्या होत्या.

पुढे, २००१ मध्ये, याच संस्थेतील संशोधकांनी पडद्यावरील प्रतिमेच्या तेजस्वितेनुसार कार्बन मोनॉक्साइडचा पुरवठा क्षणोक्षणी बदलून तो गोंधळ शमविला. एर्टल यांना २००७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.