फोकसचा स्क्रू आणि आधीच ठाऊक असलेलं उत्तर

एमएस्सीच्या प्रोजेक्टच्या वेळची गोष्ट. लॅबमधल्या एका जुन्या उपकरणाला सीआरटी मॉनिटर, म्हणजे तो जाड काचेच्या नळीचा डबा, जोडलेला होता. त्यावरचे आकडे बघून मी वहीत रीडिंग लिहायचो. ग्राफ काढला तर काही बिंदू विनाकारण भलतीकडेच. बऱ्याच शोधानंतर कळलं की पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजी सहा आणि आठ सारखेच दिसतायत. बारा दिवसांची रीडिंग बाद करावी लागली. वहीतला कोणता आकडा खरा, हे ठरवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

सुट्टीत कुपवाडला आलो तेव्हा एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टीव्ही-मॉनिटर दुरुस्त करणाऱ्या काकांना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "पॅटर्न लावून बघितलास काय?" मी म्हणालो, "नाही, चित्र बरं दिसत होतं." ते हसले. "चित्र काय, कसंबी बरंच दिसतंय. कसं दिसाय पायजे ते आधीच ठाऊक असतंय, असलं काहीतरी लावून बघायचं."

या एका वाक्यामागे मोठा इतिहास आहे.

१८९७ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फर्डिनांड ब्राउन यांनी कॅथोड किरणांची नळी बनवली. इलेक्ट्रॉनचा झोत पडद्यावरच्या चमकणाऱ्या लेपावर आदळतो आणि तिथे ठिपका दिसतो. अडचण अशी की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात, त्यामुळे झोत पसरतो. १९२६ मध्ये हान्स बुश यांनी दाखवून दिलं की तारेच्या वेटोळ्याचं चुंबकीय क्षेत्र इलेक्ट्रॉनांसाठी भिंगासारखं काम करतं. याच विचारातून १९३१ मध्ये अर्न्स्ट रुस्का आणि माक्स क्नोल यांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. म्हणजे मॉनिटरमधला फोकसचा स्क्रू आणि तुमच्या विभागातल्या सूक्ष्मदर्शकाचा फोकस हे नात्याने चुलत भाऊच. मॉनिटरमध्ये हे भिंग बहुधा विद्युत क्षेत्राचं असतं, एवढाच फरक.

भिंग आलं, पण ते नीट बसलंय हे ठरवायचं कसं? टेलिव्हिजनवाल्यांनी त्यासाठी परीक्षा-चित्रं काढली. अमेरिकेत आरसीए कंपनीचं १९३९ चं चित्र प्रसिद्ध आहे. त्यात पाचरीसारख्या जवळ जवळ येत जाणाऱ्या रेघा होत्या. रेघा जिथे एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसतात, तिथे तुमच्या यंत्रणेची कुवत संपली. "स्पष्ट दिसतंय" या मताच्या जागी आता मोजता येणारी जागा आली. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढे कार्यक्रमाआधी दिसणारं वर्तुळ आणि पट्ट्यांचं चित्र आपल्या आई-बाबांच्या पिढीला चांगलंच आठवतं. त्यांना ते कंटाळवाणं वाटायचं. तंत्रज्ञांचं खरं काम त्याच्यावर चालायचं.

संगणकाचा पडदाही महाराष्ट्रात लवकर आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये कामाला लागला. आलेख आणि अक्षरं दाखवण्यासाठी त्याला कॅथोड किरणांची नळी जोडलेली होती.

पण संगणकाची परीक्षा टीव्हीपेक्षा कडक असते. टीव्हीवरचं चित्र हलतं आणि आपण लांब बसतो. मॉनिटर हातभर अंतरावर असतो आणि अक्षर जागचं हलत नाही. आयबीएमच्या १९८१ च्या एकरंगी मॉनिटरवर एका अक्षराला ९ बाय १४ ठिपक्यांची चौकट मिळायची. एवढ्या जागेत एक ठिपका जरी शेजारी पसरला तरी सहाचा आठ होतो. माझं नेमकं तेच झालं होतं.

काकांची पद्धत अशी. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवायचा, कारण तापल्यावर फोकस सरकतो. ब्राइटनेस रोजच्या वापराइतकाच ठेवायचा. वाढवला तर झोत जाड होतो. पूर्ण पडदा बारीक अक्षरांनी भरायचा. रंगीत मॉनिटर असेल तर आधी फक्त हिरवा रंग लावायचा. लाल, हिरवा, निळा एकमेकांवर नीट बसले नसतील तरीही अक्षर फुटकं दिसतं, आणि तो दोष फोकसचा नसतो. मग मागच्या फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवरचा फोकसचा स्क्रू अगदी थोडाथोडा फिरवायचा. (हे घरी करून बघू नका. आत २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही नळीत तो उरतो.)

आता खरी गंमत. बंदुकीपासून पडद्याचा मध्य जवळ आणि कोपरे लांब. मध्य अगदी धारदार केला की कोपरे पुसट होतात, कोपरे सुधारले की मध्य बिघडतो. पुढच्या चांगल्या मॉनिटरमध्ये झोत कडेला गेला की फोकसचा दाब आपोआप बदलायची सोय आली. जुन्यात मात्र तडजोडच. काका मध्य आणि कोपरा यांच्या अधल्यामधल्या अक्षरांकडे बघून स्क्रू सोडायचे. मी लॅबमध्ये मधली अक्षरं बघून समाधान मानलं होतं आणि माझी रीडिंग होती कोपऱ्यात.

आता नवीन उपकरणावर बसलो की नमुना लावायच्या आधी, ज्याचं उत्तर पक्कं माहीत आहे असा नमुना लावतो. तोही मधोमध नाही, तर माझं मोजमाप जिथे होणार आहे तिथे. अर्धा दिवस जातो. सर विचारतात, "अजून सुरुवात नाही?" मी म्हणतो, "झाली की, सर."